सरकारी लाठीने एकतीस

"हॅलो?… हॅलो, पिपरटोला पोलीस चौकी… जमादार खुशाल बोलून राह्यलो… कोण?… जरा जोरानं बोला जी… चंद्रपूर?… चंद्रपूर तं लय मोठं आहे बाप्पा, त्यातलं कोण?… कानि… कानिटकर… सर! जय हिंद सर! माफ करा सर, आवाज खोल विहिरीतून आल्यावाणी येऊन राह्यला…"

जमादार खुशाल खुर्चीवरून उठला आणि त्याने फोनला सलाम ठोकला. फोनला डोळे नसतात हे त्याला ठाऊक होतं. पण सलाम वाया गेल्याचं आजवर कोणाच्या ऐकिवात नव्हतं. चंद्रपुरातून फुटून झालेला जिल्हा नवा होता, चौकीतला फोन तर त्याहून नवा. आठ महिन्यांत त्यावर अकरा फोन आले, त्यांतले सात धानाच्या गिरणीसाठी. खास खुशालसाठी आलेला हा पहिलाच.

"ओळखलं म्हणजे काय सर! तीन दिवस तुमच्या समोर दुसऱ्या ओळीत बसलो होतो… हो, मिशीवाला… हो, तोच, ज्याले झोप लागली होती. पण शेवटच्या दिवशी सर, आधीचे दोन दिवस जागा होतो… पुस्तिका? आहे ना! निळी पुस्तिका टेबलावरच आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, काच बसवून…"

मागच्या महिन्यात बावीस जमादारांना चंद्रपूरला बोलावून 'जमिनीच्या तंट्यांची व्यावसायिक हाताळणी' हा विषय तीन दिवस शिकवला होता. शिकवणारे कानिटकर साहेब पुण्याचे. त्यांनी आयुष्यात धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, पाहिली असेल तर रेल्वेच्या खिडकीतून. पण सांगत होते ते सरळ होतं: जमीन कोणाची हे पोलिसानं ठरवू नये, दोघांचं ऐकावं, कागद करावा, कोणाच्या घरी जेवू नये. बावीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि शेवटचं वाक्य गाळून गावी परतले.

"हो सर, तो रिपोर्ट माझाच… 'धुऱ्याचा तंटा, शास्त्रोक्त पद्धतीने निकाली.' माझंच अक्षर… निवडला?… चाळीस चौक्यांमधून माझाच?… उद्या? उद्या नागपूरचे मोठे साहेब येऊन राह्यले, आणि त्याइच्यासमोर माझी केस वाचणार?… सर, एक मिनिट सर, फक्त एक मिनिट…"

त्याने रिसीव्हर छातीशी दाबला.

"बापूभाऊ! ऐकलं काय? आपली केस नागपुरात चालली!"

समोर चौकीतल्या एकुलत्या हातवाल्या खुर्चीत बापूराव बसले होते. गावात सर्वांत जास्त जमीन त्यांची, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत नव्हतं. खुर्चीही त्यांचीच होती. चौकीला भेट दिली होती आणि भेट दिल्यापासून बहुधा तेच तिच्यावर बसत आले होते. त्यांनी मान हलवली. नागपूरचं नाव त्यांना आवडलं नाही.

"हं सर, बोला… दोन्ही पक्ष? योगायोग म्हणजे दोघंही इथीच आहेत सर. आज गुरुवार ना, बाजाराचा दिवस… समान वागणूक? हो सर, पान चार… समान बसवले आहेत. म्हणजे दोघंही बसलेलेच आहेत. उभं कोणीच नाई."

दुसरा पक्ष उंबरठ्याच्या खालच्या पायरीवर बसला होता, अर्धा सावलीत, अर्धा उन्हात. रुखमाबाई. सकाळी येऊन तिने "जयभीम, जमादारभाऊ" म्हटलं होतं आणि खुशालने कागदातून मान वर न करता हुंकार दिला होता. तिचा नवरा श्रावण आलापल्लीच्या लाकूड डेपोत कामाला; शेत तीच पाहायची. बाहेर कडुनिंबाखाली तिची बैलबंडी उभी होती, बंडीत पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या, ओल्या पोत्याने झाकलेल्या, आणि राखणीला नणंद मनकर्णा. धानाचे पऱ्हे म्हातारे होत आले होते. आणखी तीन-चार दिवसांत गाठ धरली असती, मग ते रोवले काय आणि बैलापुढे टाकले काय, सारखंच. रोवणारणी शेतावर सकाळपासून मजुरी सांगून बसल्या होत्या. पण रोवायचं कुठपर्यंत, हेच ठरत नव्हतं.

"सुरुवातीपासून सांगतो सर… पहिला नियम, चेहरा शांत ठेवावा. ठेवला. घरवालीनं विचारलं, पोट दुखते काय म्हून… नाई सर, मस्करी नाई, खरंच विचारलं… मग मोक्यावर गेलो. पुस्तिकेतले प्रश्न वाचूनच विचारले सर, एक शब्द इकडचा तिकडं नाई. 'आपणांस वादाचे स्वरूप स्वतःच्या शब्दांत कथन करता येईल काय?'… बापूभाऊ म्हणाले, येईल. पण कथन नाई केलं सर, शिव्या दिल्या… त्या लिहिल्या नाई, जागा कमी होती… रुखमाबाई? ती म्हणाली, मराठीत इचारा ना जी."

पायरीवरून रुखमाबाई या वेळी हसली नाही. पहिल्या दिवशी हसली होती.

"वाद असा सर, की दोघांच्या शेताच्या मधात धुरा आहे… धुरा सर, बांध, तुमच्याकडं बांध म्हणत असतील… त्या धुऱ्यावर हद्दीचा दगड. रुखमाबाईच्या सासऱ्यानं एकसष्ट साली जमीन घेतली तेव्हाचा. बापूभाऊ म्हणतात, तो दगड श्रावणनं रातोरात आमच्या बाजूनं सरकवला. रुखमाबाई म्हणते, दगड जिथच्या तिथंच आहे, बापूभाऊची नजर सरकली… हो सर, दोघांचं ऐकलं. पूर्ण ऐकलं. मग विचार केला. बापूभाऊचं बोट कोणाकडं? दगडाकडं. रुखमाबाईचं बोट कोणाकडं? दगडाकडं. म्हणजे सर, भांडणाचं मूळ कोण झालं?… बरोबर! दगड!… आणि पुस्तिका, पान अकरा: 'वादास कारणीभूत वस्तू तत्काळ सुरक्षित ताब्यात घ्यावी.'… घेतली सर… वस्तू म्हणजे दगडच… उचलला… नाई सर, बाजूले नाई ठेवला, चौकीत आणला. बापूभाऊनं स्वतःची बंडी दिली आणायला, लय सहकार्य केलं… हॅलो?… हॅलो सर?… लाइन गेली काय?… आहात ना?… आवाज नाई आला म्हून विचारलं…"

फोनच्या पलीकडे काय चाललं होतं कोण जाणे. अलीकडे खुशालचा कान हळूहळू लाल होऊ लागला.

"कुऱ्हाडी?… ते कुऱ्हाडी-विळ्याबद्दल आहे?… पण सर, तिथं 'वस्तू' लिहिलं आहे. कुऱ्हाड लिहिलं असतं तं कुऱ्हाड आणली असती. त्या दिवशी मोक्यावर कुऱ्हाड नव्हतीच, दगडच होता… हो सर, दगड हलवला की हद्द… हो, ते आता ध्यानात येऊन राह्यलं सर… पण सुरक्षित आहे! माझ्या डोळ्यासमोर आहे! लाखेचं सील आहे, चिठ्ठी आहे, मुद्देमाल नंबर सात… मुद्देमालाच्या खोलीत जागा नाई सर, तिथं जप्तीच्या सायकली आणि मोहाच्या दारूचे पिपे… हा इथी दाराजवळ आहे… दाराजवळ म्हणजे दाराले टेकवून. वाऱ्यानं दार आपटते ना सर, कडी तुटली आहे. दगडही सुरक्षित, दारही सुरक्षित."

दगड खरोखर दाराशी होता. गुडघाभर उंच, वरून गोल, बुडाला मातीचा जुना काळा पट्टा. अठरा दिवसांत त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी चपलांचा चिखल खरडला होता. रुखमाबाई रोज येऊन त्याच्याच शेजारी बसायची. जणू माहेरचं माणूस कोठडीत पडलंय आणि भेटीची वेळ झालीय.

"आता त्या जागी काय आहे?… चिखल आहे सर… तसं नाई, बापूभाऊनं चिखलणी केली ना… आणि नवा धुरा टाकला. स्वखर्चानं… कुठं म्हणजे?… असेल थोडा अलीकडं… रुखमाबाईच्या बाजूनं, हो… मी पाह्यला सर, काल त्या धुऱ्यावरच बसून चहा… नाई! चहा नाई सर, पाणी. पान नऊ, पाहुणचार घेऊ नये. साधं पाणी. कपात… तंटा? पण तंटा आहेच कुठी आता? दगडच नाई तं तंटा कशाचा? म्हून तं 'निकाली' लिहिलं मी…"

बापूरावांनी खुर्चीत पाय लांब केले. त्यांच्या मते हा रिपोर्टातला सर्वांत समजूतदार भाग होता.

"रुखमाबाई येते ना सर. रोज येते, बाजारच्या दिवशीही सुट्टी नाई… एकच सांगते. दगड कुठी होता ते तुम्ही लिहून घेतलं, तो कागद वाचून दाखवा… सर, सरकारी कागद असा कसा वाचून दाखवायचा! नकलेसाठी अर्ज लागतो, अर्जाले तिकीट लागते, त्यावर ठाणेदारसाहेबाची सही लागते, आणि ठाणेदारसाहेब रजेवर… मिळेल ना, मिळेल. दिवाळीपर्यंत मिळून जाईल… हो सर, रोवणा आताच आहे. पण कागद काही रोवायचा नाई ना… माफ करा सर."

रुखमाबाई चौथी शिकलेली. तिला कागद वाचूनही दाखवायला नको होता, नुसता समोर धरला असता तरी पुरलं असतं. खुशालला हे माहीत होतं. म्हणूनच कागद पेटीच्या तळाशी होता, हिवाळी कोटाच्या खाली. तो त्याने प्रशिक्षणाहून परतल्याच्या आठव्या दिवशी लिहिला होता, अजून अंगात कानिटकर साहेब संचारलेले असताना. जे दिसलं ते लिहिलं. त्याच संध्याकाळी बापूरावांकडे कोंबडं शिजलं आणि जेवता जेवता त्याच्या ध्यानात आलं की, आपण नको तेवढं खरं लिहून बसलो. बापूरावांनी तर सही करताना कागद पाहिलाही नव्हता. त्यांचं लक्ष दगड बंडीत चढतो की नाही याकडे होतं.

"पंचनामा? केला सर, त्यात कसूर नाई… कार्बन कॉपी तुमच्याकडं आहे?… रिपोर्टसोबत मीच लावली?… हो, लावली असंल… सह्या दिसून राह्यल्या पण आकडा दिसत नाई?… कार्बन झिजला आहे सर, इथी चौकीले एकच कार्बन आहे, तो ब्याऐंशीचा… अस्सल वाचून दाखवू? आता?… सर, पोस्टानं पाठवतो… उद्याच आहे, हो… सर, लाइन खराब आहे, माझा आवाज तुमच्यापर्यंत… ओरडून वाचू?… सर, बाहेर बाजार आहे… हो सर. मोठ्यानं. हो सर."

पेटी उघडली. कोट निघाला, डांबराच्या गोळ्या घरंगळल्या, शेवटी कागद निघाला. बापूराव सरळ होऊन बसले आणि त्यांनी दोन बोटांनी कागद फाडल्याची खूण केली.

खुशालने रिसीव्हर झाकला. "बापूभाऊ, मी काय करू? नक्कल त्याइच्या हातात आहे! सही दिसून राह्यली म्हणतात, तुमची!"

मग त्याने घसा खाकरला आणि कवायतीच्या मैदानावरचा आवाज काढला.

"'आज रोजी मौजे पिपरटोला येथे समक्ष मोक्यावर'… ऐकू आलं सर?… आणखी मोठ्यानं?… 'समक्ष मोक्यावर हजर राहून पाहिले असता, हद्दीचा दगड एक, सरकारी विहिरीच्या पश्चिम काठापासून सरळ पश्चिमेस'… विहीर सर, विहीर! सरकारी! हो, ती कुठं जात नाई… 'पश्चिमेस… एकतीस'…"

शेवटचा शब्द तो मिशीतच बोलला.

"ऐकू नाई आलं?… एकतीस, सर… एकवीस नाई… नाई सर… एकतीस! तीसवर एक! एकतीस!!"

बाजार पंचवीस पावलांवर भरला होता. मिरची तोलणाऱ्या बाईचा तराजू मधेच थांबला. मडकी विकणाऱ्याने मान वळवली. चौकीतून आकडा ऐकू येणं म्हणजे बहुधा कोणाला किती फटके बसले याचा हिशेब, म्हणून दोघं-चौघं कुतूहलाने दाराशी आले.

"'सरकारी लाठीने एकतीस लाठ्या अंतरावर, उभा, जमिनीत दीड वीत रुतलेला आढळला. बुडाशी जुने मुंग्यांचे वारूळ असून त्यास तडा नाही. यावरून सदर दगड अलीकडे हलविलेला दिसून येत नाही'… हो सर, मीच लिहिलं… पान सात सर, 'दिसेल तेच लिहावे'… हो, वारूळ दिसलं म्हून लिहिलं… 'सदर अंतर व स्थिती बापूराव यांनी स्वतः पाहून कबूल केली व सही केली'… सही हो, लांबलचक, खाली दोन टिंबं."

दाराशी आता पंधरा-वीस माणसं होती. "हलवलेला नाई म्हणते," कोणीतरी मागच्याला सांगितलं. "वारूळ होतं म्हणते," त्याने त्याच्या मागच्याला. बापूरावांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. रुखमाबाई तेवढी पायरीवरून उठली. अठरा दिवसांत ती पहिल्यांदाच खुशालच्या डोळ्यांच्या उंचीला आली.

"एकतीस ना?" ती म्हणाली.

"थांब वो बाई, साहेब बोलून राह्यले!… हं सर… लाठीनं काऊन मोजलं? टेप नाई सर चौकीत. टेपची मागणी ऐंशी सालापासून गेली आहे, दरवर्षी जाते… लाठी म्हणजे किती?… लाठी म्हणजे लाठीएवढी सर… नक्की माप? आता?… हो, ती इथीच आहे, तीच लाठी, खिळ्याले टांगली आहे… सर, टेप असता तं… थांबा सर, होल्ड करा… गुणवंतराव! ओ गुणवंतराव! तो मीटर घेऊन या इकडं!"

गुणवंतराव म्हणजे चौकीसमोर लुगडी विकणारे. त्यांचा लोखंडी मीटर पंचक्रोशीत सर्वांत प्रामाणिक मानला जाई, कारण तो दर बाजाराला बायका स्वतः तपासत. ते मीटर खांद्यावर घेऊन आले, मागून गिऱ्हाइकं आली, गिऱ्हाइकांमागून उरलेला बाजार आला.

"धरा कोणी तं लाठीचं टोक… बापूभाऊ, धरता काय?… नाई?… ये वो रुखमाबाई, तूच धर. भिंतीले लाव. सरळ. हलवू नको… गुणवंतराव, लुगडं मोजता तसं ढिलं नका मोजू, सरकारी काम आहे… किती?… एक मीटर… पूर्ण एक… आणि वरचं?… सर, ऐकून राह्यले ना? एक मीटर आणि वर सत्तेचाळीस… सत्तेचाळीस सर! स्वातंत्र्य मिळालं तेवढं!… हो, एक मीटर सत्तेचाळीस… मग एकतीस गुणिले… तुम्हीच करा सर, तुमच्याकडं कागद आहे… पंचेचाळीस पूर्णांक सत्तावन्न… हो, विहिरीपासून."

"साडेपंचेचाळीस मीटर," गुणवंतराव मागे वळून म्हणाले. माणूस कापडातला, आकडा स्वतःजवळ ठेवणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. "आणि नवा धुरा तं विहिरीपासून तीस मीटरवरच आहे, रुखमाबाईच्या वावरात. मी सकाळी तिथूनच आलो."

गर्दीतून कोणीतरी शीळ घातली.

"गोंगाट?… तो बाजाराचा आहे सर… लोक सहकार्य करून राह्यले, पान चौदा, 'लोकसहभाग'… काय म्हणता सर?… दगड परत?… आजच?… सर, आज बाजार बंदोबस्त… हो… हो सर… जिथून उचलला तिथंच… सुपूर्दनामा करून… पण सर, मालकी ठरवणं आपलं काम नाई असं तुम्हीच शिकवलं… ठरवायची नाई, फक्त जागेवर ठेवायचा… जिथून उचलला तिथं ठेवणं आपलंच काम, हो… मग नवा धुरा?… तो दगडाच्या आत आला तं… तो कोणाचा ते बापूभाऊ मोजणीवाल्यांना विचारतील… हो, अर्ज करतील… अर्जाले तिकीट लागेल सर, हो, आणि ठाणेदारसाहेबाची सही… नाई सर, हसत नाई. खोकला आहे."

तो खोकला नव्हता. स्वतःचीच अडवणूक पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला लागू पडताना पाहून खुशालला उगाच हसू फुटलं होतं. त्याने बापूरावांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. मग पुन्हा पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"सर, म्हणजे असं समजू काय की… नाई, राग नका मानू… हो, चूक झाली. पान अकरा मी चुकीचं… पण पान सात तं बरोबर केलं ना सर?… ते बरोबर?… कागद उत्तम आहे म्हणता?… संपूर्ण जिल्ह्यात असा पंचनामा नाई?… वारुळाचं तं कोणीच… सर, ते आपोआपच सुचलं. म्हणजे, आपोआप नाई, तुमच्या शिकवणीनं…"

इतक्यात धाड्कन दार आपटलं. चौकीत अंधार झाला, भिंतीवरचं प्रमाणपत्र वाकडं झालं.

"काही नाई सर! गोळीबार नाई! दार आहे… वारा सुटला… दार आपटलं म्हून… आपटायले नाई पायजे, बरोबर आहे सर, दाराले तं…"

तो थांबला. रिसीव्हरची दोरी जितकी जाईल तितकी ताणून त्याने पायाने दार ढकललं. उंबरठ्यावर लाखेचा तुकडा पडला होता आणि त्याला चिकटून चिठ्ठी: मुद्देमाल नंबर सात. दगड नव्हता. पायरी रिकामी होती. कडुनिंबाखाली बंडी नव्हती. त्याने भिंतीकडे पाहिलं. खिळा होता, लाठी नव्हती.

रस्त्यावर बंडी निघाली होती. मनकर्णा बैल हाकत होती. पऱ्ह्याच्या पेंढ्यांमध्ये, ओल्या पोत्यावर, दगड नव्या नवरदेवासारखा बसला होता. बंडीच्या पुढे रुखमाबाई, खांद्यावर सरकारी लाठी, चाल अशी की त्या लाठीचं पुढे काय करायचं ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. मागे गुणवंतराव, दुकान उघडं टाकून, मीटरसकट. त्यांच्या मागे मिरचीवाली, मडकीवाला आणि चाळीसेक माणसं, जी आजवर पोलिसाच्या लाठीपासून दूर पळत आली होती आणि आज तिच्यामागून चालत होती. बापूराव आपल्या राजदूत मोटारसायकलवर किक मारत होते. गाडी चालू होत नव्हती, आणि त्यांच्याजवळून जाणारा प्रत्येक जण, अगदी आदराने, "एकतीस, बापूभाऊ" म्हणत होता.

खुशालच्या ओठांवर "थांबा!" आलं. पण कानाला रिसीव्हर होता, रिसीव्हरमध्ये कानिटकर साहेब, त्यांच्या मागे नागपूर. त्याने चेहरा शांत केला. या वेळी पोट खरोखरच दुखत होतं.

"हॅलो… हो सर, आहे… मुद्देमाल?… सर, मुद्देमाल मोक्याकडं रवाना झाला आहे… आत्ताच. तुमचा आदेश झाल्याबरोबर… हो, माझ्याच देखरेखीखाली. मी इथून पाहूनच राह्यलो… बंडीनं… पंच? पंच आहेत सर. असतील चाळीस… नाई सर, चार नाई, चाळीस… मापासाठी लाठीही सोबत दिली आहे… कोणाजवळ म्हणजे… जबाबदार व्यक्तीजवळ सर. चौथी शिकलेली आहे… सुपूर्दनामा? तो मी आता मागून सायकलनं घेऊन निघतो, सही घेतो… हो सर, तिची सही येते, अंगठा नाई… बापूभाऊची? त्यांची तं आधीच आहे सर, खाली दोन टिंबं…"

पलीकडून बहुधा शाबासकी येत होती, कारण खुशालची छाती इंचाइंचाने फुगत चालली. फोन सुरू झाला तेव्हा तो या केसमधला चोर होता. मधल्या काही मिनिटांत मूर्ख ठरला. आता नागपूरला त्याचं नाव चाललं होतं आणि त्यासाठी त्याला चौकीबाहेर पाऊलही टाकावं लागलं नव्हतं. त्याचा त्यालाच संशय आला, सरकारात बढत्या अशाच होत असाव्यात.

"धन्यवाद सर… वाचा ना सर, बिनधास्त वाचा उद्या… 'निकाली' तसंच राहू द्या. कालपर्यंत खोटं होतं, आज खरं होऊन राह्यलं… नाई, तसं नाई म्हटलं सर… हो, पुस्तिका रोज वाचीन. पान नऊ? पाहुणचाराचं? पाठ आहे सर. आता तसाही कोणी बोलावणार नाई…"

लांबून, विहिरीच्या दिशेने, बाया-माणसांचा एकसुरात मोजण्याचा आवाज येऊ लागला. तीन… चार… पाच… प्रत्येक आकड्याला लाठी जमिनीला टेकत असावी.

"काय म्हणता सर? मागणी?… टेप मंजूर करणार? स्वतः शब्द टाकणार?… मोठी कृपा सर. पण टेपची आता तेवढी निकड नाई… एक लाठी पाठवा सर. जुनी परत येईल असं वाटत नाई… आणि सर, दाराले एक कडी… कडी सर, कडी!… नाई, घडी नाई… दार आपटते म्हून… हॅलो?… हॅलो, सर?…"

लाइन गेली होती. खुशालने रिसीव्हर ठेवला नाही. तसाच कानाला धरून तो उभा राहिला आणि दुसऱ्या कानाने बाहेरचे आकडे ऐकत राहिला. एकोणतीस. तीस.

मग एक आकडा आला. इतक्या मोठ्याने, की चंद्रपूरला फोनशिवाय ऐकू गेला असता.